माप न घेता कापलेला कायदा : विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी शिवणकाम करते. मुंबईच्या पूर्व उपनगरात स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. छोटासा गाळा, तीन मशिनी, एक ओव्हरलॉक, बाहेर फॉल-पिकोची पाटी. शाळेचे युनिफॉर्म आणि लग्नसराईचे ब्लाऊज यांवर तीस वर्षांहून जास्त काळ घर चाललं. त्यातल्या सात-आठ वर्षांत मात्र, म्हणजे 2005 च्या ऑगस्टपर्यंत, माझं निम्मं काम डान्स बारमध्ये नाचणाऱ्या बायकांच्या कपड्यांचं होतं. हे मी वीस वर्षं कुणाला फारसं सांगितलं नाही. आता सांगते आहे, कारण सभ्यतेच्या नावाने नवा कायदा करा, असलेला कडक करा, अशी मागणी दर काही महिन्यांनी उठते. 2025 च्या फेब्रुवारीत एका ऑनलाइन कार्यक्रमातल्या घाणेरड्या प्रश्नावरून गदारोळ झाला, गुन्हे नोंदले गेले आणि लगेच नवे नियम आणण्याची भाषा सुरू झाली. तो प्रश्न मला स्वतःला किळसवाणा वाटला. तरीही मनात आलं की कायदा लिहायला बसणाऱ्यांनी आधी 2005 च्या डान्स बारबंदीची फाईल उघडावी. ती उघडून देण्यासाठीच हे पत्र.

मापवहीपासून सुरुवात करते. माझ्याकडे त्या वेळच्या दोन वह्या अजून आहेत. नावाऐवजी खूण लिहिलेली असते, 'हिरवी चनिया', 'नाकात चमकी', 'मुलीला घेऊन येते ती'. पुढे उंची, छाती, कंबर, घेर. आणि त्यापुढे गिऱ्हाइकाने सांगितलेलं : पाठ बंद. बाही कोपरापर्यंत. अस्तर जाड, घाम दिसायला नको. गळा वर घ्या. पानामागून पान असंच आहे. सोळा कळ्यांचा घागरा, खाली गोटा, टिकल्यांची लेस, उचलून बघितला तर हात भरून येईल इतका जड. त्या वर्षांत टीव्हीवर जी गाणी दिवसभर लागत, त्यांतल्या नट्यांच्या अंगावर याच्या निम्मंही कापड नसायचं. सभागृहात अंगप्रदर्शनाची चर्चा सुरू झाली तेव्हा मी दुकानात बसून रेडिओवर बातम्या ऐकत होते आणि समोर हुक लावायला घेतलेली कोपरभर बाहीची चोळी होती.

एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येकीची असायची. नेफ्याच्या आत चोरखिसा. 'ताई, दोन बोटं आत जातील एवढा करा.' पहिल्यांदा मला कळलं नाही. मग एकीने सांगितलं की रात्रीच्या कलेक्शनमधला मोठा वाटा मालक घेतो, आणि उरलेलं मोजताना दहा हात मध्ये येतात. त्या खिशात राहील तेवढंच घरी पोचणार. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी दोघींची मुलं बोर्डिंगच्या शाळेत होती. एकीचा भाऊ गावाकडे शिकत होता आणि बहीण मुंबईत काय करते हे त्याला माहीत नव्हतं. बार म्हणजे काही सुखाची नोकरी होती असं मी कधीच म्हणणार नाही. मालक लुबाडत, पोलिसांचे हप्ते ठरलेले असत, गिऱ्हाईक दारू पिऊन अंगावर येत. यातल्या प्रत्येक गोष्टीवर कायद्याला करता येण्यासारखं होतं. लेखी करार, ठरलेला पगार, मालकाच्या वाट्यावर मर्यादा, रात्री घरी सोडायची सोय. त्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी हेच मागितलं असतं. माझ्याजवळ तर त्या रोज मागत होत्या.

दुसरी बाजू मला माहीत आहे, घराशेजारची आहे. आमच्या चाळीत एक वहिनी होत्या. त्यांच्या यजमानांनी कंपनीतून व्हीआरएस घेतली आणि त्या पैशांतला बराचसा एका बारमध्ये उडवला. अक्षरशः उडवला, दहा-दहाच्या नोटा करून. वहिनींनी बांगड्या विकल्या, मुलाचा क्लास बंद केला. बारबंदीची घोषणा झाली त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले आणि मीही तो पेढा खाल्ला. मशीनवर निम्मं काम त्याच बायकांचं पडलेलं असताना खाल्ला. त्या घरचं रडणं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं. अशा हजारो वहिनींची पत्रं तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटील यांच्याकडे जात असणार. आबांची तळमळ खरी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या माणसाने गावोगाव हातात झाडू दिला आणि तंटे मिटवायला लावले, त्याने हा विषय मतांसाठी काढला असं मी म्हणणार नाही.

पण तळमळ खरी असली तरी कापड चुकीचं कापलं जातं.

जुलै 2005 च्या पावसाळी अधिवेशनात मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमं घातली गेली, 33 अ आणि 33 ब. पहिल्याने हॉटेल, परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नाचावर बंदी आली. दुसऱ्याने तारांकित हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना त्या बंदीतून मोकळीक दिली. त्यानंतर काही दिवसांतच 26 जुलैचा पाऊस झाला. माझ्या गाळ्यात छातीएवढं पाणी होतं. कपाटातले घागरे चिखलात गेले, मशिनींच्या मोटारी जळाल्या. मी आणि माझी कारागीर मुलगी ते घागरे धुऊन गच्चीवर वाळवत होतो तेव्हा बारमधल्या गिऱ्हाइकांपैकी एकीने येऊन सांगितलं, 'राहू द्या ताई, आता घालायचे कुठे?' पंधरा ऑगस्टपासून बार बंद झाले. 75,000 बायकांचा रोजगार गेला असं पुढे न्यायालयात मांडलं गेलं. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवसाची सोय काय, यावर कायद्यात एक ओळ नव्हती.

तुम्ही कायदे करणारी माणसं आहात, त्यामुळे या दोन कलमांकडे पुन्हा एकदा बघा. नाच अश्लील असेल तर तो बिअर बारमध्येही अश्लील आणि तारांकित हॉटेलातही अश्लील. दोन्हीकडे बाई तीच, गाणंही तेच, फरक फक्त बिलाच्या रकमेचा. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2006 मध्ये ही बंदी रद्द केली आणि 16 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, त्यातलं एक मोठं कारण हेच होतं. गरिबाच्या करमणुकीला अनीती आणि श्रीमंताच्या करमणुकीला संस्कृती म्हणणारी फूटपट्टी समानतेच्या कलमात बसत नाही. दुसरं कारण कलम 19 मधला व्यवसायाचा हक्क. त्या निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली, ती वाचून मी वही मिटून ठेवली होती. इलाज रोगापेक्षा वाईट ठरला, बंदीमुळे अनेक जणींवर देहविक्रयाची वेळ आली, अशा अर्थाचं ते म्हणणं होतं. स्त्रियांची प्रतिष्ठा राखण्यासाठी केलेल्या कायद्याने हे घडवलं. मला दोन चेहरे आठवले. त्यांच्याबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

याच निकालातून मला कळलं की बंदीच्या आधी सरकारनेच एक समिती नेमली होती आणि तिने नियम सुचवले होते. मंचावर एका वेळी आठच जणी असाव्यात, भोवती तीन फुटांचा कठडा, गिऱ्हाईक पाच फूट लांब. फुटांत लिहिलेले, मोजता येणारे नियम. कॉन्स्टेबल टेप घेऊन गेला असता तरी तपासता आले असते. म्हणजे माप घेतलेलं होतं. ते बाजूला ठेवून कात्री चालवली गेली. हे कुणी केलं, का केलं, हे आज उकरून काढण्यात मला रस नाही. पण पुढच्या वेळी टेबलावर अशा शिफारशी असतील तेव्हा त्या फेटाळण्याची कारणं सभागृहात बोलून दाखवली जावीत, एवढी अपेक्षा नागरिक म्हणून मी करू शकते.

यानंतरचा प्रवास तुमच्याच कामकाजात आहे, म्हणून भराभर सांगते. जून 2014 मध्ये तारांकित हॉटेलांची सवलत काढून बंदी पुन्हा आणली, एकमताने. ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. 2016 मध्ये वेगळा कायदा आला, पुन्हा एकमताने. त्यात दारू असेल तिथे नाच नाही, शाळा किंवा देवस्थानापासून एक किलोमीटरच्या आत परवाना नाही, आत सीसीटीव्ही, अशा अटी होत्या. मुंबईत एक किलोमीटरच्या आत देऊळ, दर्गा, चर्च किंवा शाळा नाही अशी जागा मला कुणी दाखवावी. 17 जानेवारी 2019 च्या निकालात या अटी गेल्या. संध्याकाळी 6 ते रात्री 11:30 ही वेळ राहिली, पैसे उडवायला बंदी राहिली, अश्लील नृत्याची व्याख्याही राहिली. म्हणजे न्यायालयाने मर्यादा घालूच नका असं कुठेही सांगितलेलं नाही. 2005 पासून एकालाही परवाना दिला गेलेला नाही हे मात्र त्यांनी ठळकपणे लिहिलं, आणि राज्याने स्वतःची नैतिकता समाजावर लादू नये असं बजावलं.

चौदा वर्षं. माझ्या गिऱ्हाइकांत जी बावीस वर्षांची होती ती छत्तिशीत गेली.

आणि नाच थांबला का? तुम्हाला उत्तर माहीत आहे. पाट्या बदलल्या, ऑर्केस्ट्रा बार आले. डिसेंबर 2021 मध्ये अंधेरीतल्या एका बारवर पोलिसांनी छापा घातला. बराच वेळ काहीच सापडेना. शेवटी मेकअपच्या खोलीतला भिंतीला बसवलेला आरसा काढला तेव्हा त्यामागच्या चोरकप्प्यातून 17 बायका बाहेर निघाल्या. पेपरात ती बातमी अजब घटना म्हणून छापली गेली. माझ्या डोळ्यांसमोर नेफ्यातला चोरखिसा आला. कधी काळी या बायका पैसे लपवत होत्या, आता त्यांनाच भिंतीत लपवून ठेवलं जात होतं. ज्याला परवाना नाही त्या जागेत काम करणारी बाई मालकाविरुद्ध तक्रार कुठे करणार? ती तिथे आहे हेच कबूल करता येत नाही.

चाळीतल्या वहिनींचं काय झालं तेही सांगायला हवं. दोन वर्षांनी त्या ब्लाऊज शिवायला आल्या. मी विचारलं नाही, त्याच म्हणाल्या, 'बार बंद झाले, पण ह्यांचं काही बदललं नाही. आता दुसरीकडे बसतात.' त्यांना हवी होती ती मदत म्हणजे नवऱ्याच्या पैशावर कायद्याने काही अधिकार, व्यसनमुक्तीसाठी परवडणारी जागा, अडीअडचणीला कुणीतरी. ते कुणी दिलं नाही. त्यांच्या दुःखाचं नाव पुढे करून दुसऱ्या बायकांचं काम काढून घेतलं, आणि वहिनींसारख्या बायकांना त्यातलं काहीच मिळालं नाही.

सार्वजनिक सभ्यता मला नको आहे, असा अर्थ कृपा करून काढू नका. मला ती फार हवी आहे. मी रात्री साडेनऊला दुकान बंद करून लोकल पकडते. पुलावर, फलाटावर बीभत्स हावभाव करणारे पुरुष मी तरुणपणापासून बघत आले. एकदा एकाला मी आणि आणखी दोघींनी पकडून पोलिसांपुढे नेलं, तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, 'जाऊ द्या ताई, तुम्हालाच खेटे घालावे लागतील.' आम्ही आग्रह धरला तेव्हा कुठे नोंद झाली. सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य हा जुन्या दंड संहितेतही गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 मध्येही आहे. फलाटावर मला तोंड फिरवायला जागा नसते, मी ते बघायला आलेली नसते आणि मला भीती वाटत असते. तिथे कायद्याने माझ्या बाजूने उभं राहिलंच पाहिजे. पण ऑगस्ट 2015 मध्ये मढ भागातल्या हॉटेलांवर छापे पडले तेव्हा काय झालं? बंद खोलीतल्या सज्ञान जोडप्यांना बाहेर काढलं, पोलीस कायद्याच्या कलम 110 खाली सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन म्हणून 1,200 रुपये दंड घेतला, काहींच्या आईवडिलांना फोन केले. नंतर टीका झाली, चौकशीचा आदेश निघाला. कडी लावलेली खोली सार्वजनिक जागा कशी होते? फलाटावरच्या माणसाला 'जाऊ द्या' आणि खोलीतल्या जोडप्याला गाडीत घाला, हे एकाच शब्दाच्या जोरावर चालतं, कारण 'असभ्य' म्हणजे नेमकं काय हे ज्याच्या हातात दंडुका आहे तो ठरवतो.

संविधानात सभ्यता आणि नीतिमत्ता हे शब्द आहेत, कलम 19 मध्येच आहेत, आणि ते मर्यादा म्हणून लिहिले आहेत. त्याला माझा आक्षेप नाही. फक्त त्या मर्यादेला 'वाजवी' असंही एक विशेषण 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने लावलेलं आहे. वाजवी कशाला म्हणायचं याचा मला कळलेला अर्थ साधा आहे : ज्याने कुणाला इजा होते ते अडवा, जेवढं अडवल्याने इजा थांबते तेवढंच अडवा, आणि सगळ्यांना सारखं अडवा. लहान मुलगी नाचवली जात असेल, कुणाला फसवून आणलं असेल, कोंडून ठेवलं असेल, तर त्यासाठी 1956 पासून अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा आहे, मुलांसाठी 2012 चा पॉक्सो आहे. ते कायदे वापरायला तपास लागतो, साक्षी लागतात, कष्ट पडतात. सरसकट बंदीला यातलं काही लागत नाही, म्हणून तिचा मोह होतो.

आणि आपल्याच राज्याचा इतिहास पाहा. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशा अश्लील ठरवून त्यावर बंदी आणली होती. पुढे ती उठली, पण वग लिहून द्यायचा, तपासून घ्यायचा, अशी चाळण लागली. ज्या बायकांनी फडात नाचून पोटं भरली त्यांना तेव्हाच्या सभ्य समाजाने काय काय म्हटलं ते माझ्या आजीच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. आज हेच राज्य विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. संततिनियमनावर लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांना अश्लीलतेच्या खटल्यात ओढलं. 1934 मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला. 1952 मध्ये देशाने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सरकारी धोरण म्हणून स्वीकारला, तेव्हा कर्वे अजून हयात होते. ज्याला एका पिढीने चव्हाट्यावर आणून दंड केला, तेच वीस वर्षांत सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलं गेलं. बारमधला नाच उद्या पुरस्काराला जाईल असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की आपल्या पिढीची चीड कायद्यात लिहिताना हात जरा थबकायला हवा.

मला तुमच्याकडून हवं आहे ते असं. सभ्यतेच्या नावावर पुढचं विधेयक येईल तेव्हा ते घाईत मंजूर करू नका. संयुक्त समितीकडे पाठवा, आणि ज्यांच्या अंगावर तो कायदा चढणार आहे त्यांना समितीपुढे बोलवा. 2005 मध्ये बारमधल्या बायकांची युनियन होती, त्या आझाद मैदानात येऊन ओरडून सांगत होत्या. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने 500 जणींशी बोलून अहवाल तयार केला होता. ते सगळं न्यायालयात ऐकलं गेलं, विधिमंडळात ऐकलं गेलं नाही. तुम्हाला आम्हीच निवडून दिलेलं आहे. आमचं ऐकून घ्यायला आम्हाला तुमच्या दारातून उठून न्यायालयात का जावं लागतं? कुणाचा रोजगार जाणार असेल तर दुसऱ्या रोजगाराची तारीख आणि रक्कम त्याच विधेयकात असू द्या, नंतरच्या आश्वासनात नको. आणि बंदी घातलीच, तर तीन वर्षांनी सभागृहापुढे हिशोब ठेवा : किती मुलींची सुटका झाली, किती मालकांना शिक्षा झाली, कामावरून निघालेल्या बायका कुठे गेल्या.

माझ्या कपाटात एक मोरपंखी घागरा आहे. 26 जुलैच्या पाण्यातून वाचलेला, सोळा कळ्यांचा, एका बाजूला ट्रायलच्या टाचण्या अजून तशाच. वहीत त्याची डिलिव्हरीची तारीख 20 ऑगस्ट 2005 आहे आणि पुढे 300 रुपये ॲडव्हान्स जमा. ती परत आली नाही. तिचे तीनशे रुपये माझ्याकडे राहिले आहेत. नेफ्यात दोन बोटांचा खिसा आहे.

समिती नेमलीत तर मला बोलवा. मी दोन्ही वह्या घेऊन येईन.

आपली,
एक शिवणकाम करणारी नागरिक,
मुंबई